जुन्या सीड्या काढल्यात? आधी हातानं लिहिलेल्या वाचवा

रत्नागिरीच्या घराचं छप्पर बदलायचं ठरलं आणि माडीवरचं सगळं सामान ओटीवर आलं. त्यात बाबांचं सीड्यांचं कपाट होतं. मोजल्या तर २१४ भरल्या. आईनं एका वाक्यात दोन हुकूम सोडले: "या सगळ्याचं काय ते एकदा करून टाक, आणि मला विचारल्याशिवाय एकही टाकू नकोस."

मी जी चूक केली ती आधी सांगते, कारण जवळजवळ सगळेच ती करतात. मी सुरुवात केली ती चांगल्या, देखण्या, विकत आणलेल्या सीड्यांपासून. शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, अभंग. तीन रविवार त्यात गेले. हातानं नाव घातलेल्या चाळीसेक सीड्या मी 'नंतर बघू' म्हणून एका पिशवीत ठेवल्या होत्या. त्या लावायला घेतल्या तेव्हा नऊ उघडल्याच नाहीत. आणि देखण्या सीड्यांमधलं बहुतेक सगळं मोबाइलवर एका बोटावर मिळतं. पिशवीतलं जगात दुसरीकडे कुठंच नव्हतं.

म्हणून हा लेख उलट्या क्रमानं जातो.

आधी ढीग करा, आवरायला घेऊ नका

चटईवर चादर पसरा आणि सगळ्या सीड्या बाहेर काढा. कपाट कसं लावलेलं होतं त्याचा हात लावण्याआधी मोबाइलवर एक फोटो घ्या. बाबांनी राग आणि वेळेप्रमाणे लावलं होतं, सकाळचे वरच्या कप्प्यात, रात्रीचे खाली. हे मला फोटो मोठा करून बघताना समजलं, तोवर मी सगळं मिसळून बसले होते.

ढीग चार करायचे. हातानं लिहिलेल्या म्हणजे घरी किंवा कुणा मित्राकडे राईट केलेल्या. लग्न, मुंज, बारसं, नाटक असल्या व्हीसीडी (म्हणजे फिल्म असलेल्या सीड्या) आणि फोटोंच्या सीड्या. दुकानातून आणलेल्या ऑडिओ सीड्या. चौथा ढीग एमपी थ्रीच्या '१५० गाणी' छापाच्या सीड्या, प्रिंटरचे ड्रायव्हर, संगणक मासिकांसोबत फुकट आलेल्या आणि २००३ सालचा अँटिव्हायरस. चौथ्या ढिगावर वेळ घालवू नका. फक्त डबीत दुसरीच सीडी नाही ना, एवढं उघडून बघा. आमच्याकडे प्रिंटरच्या ड्रायव्हरच्या डबीत माझ्या दहावीच्या निरोप समारंभाचे फोटो निघाले.

डबी आणि सीडीचा मेळ नसतोच. त्यामुळे नावावर न जाता सीडी उलटी करून खालची बाजू बघा. चकचकीत चंदेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली. हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक असेल तर ती राईट केलेली. उजेडात तिरकी धरली की राईट केलेल्या सीडीवर मधून बाहेर येणारा एक गडद पट्टा दिसतो आणि पुढे फिकट भाग सुरू होतो. गडद तेवढं भरलेलं, फिकट तेवढं कोरं. कॉम्प्युटरला न लावताही सीडीत किती आहे याचा अंदाज येतो तो असा.

राईट केलेली आधी का जाते

छापलेल्या सीडीत माहिती म्हणजे प्लास्टिकवर ठशानं उठवलेले सूक्ष्म खड्डे असतात आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. राईट केलेल्या सीडीत खड्डे नसतात. तिथं रंगद्रव्याचा थर असतो आणि राईट करताना लेझर तो जागोजागी भाजतो. रंग म्हटला की ऊन, उष्णता आणि दमट हवा हे त्याचे वैरी. खिडकीशेजारच्या रॅकवर वीस वर्षं ठेवलेली साडी जशी विटते तशीच ही सीडी विटते, फक्त आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही ऐकून माझाही विश्वास बसला नव्हता: सीडीची नाजूक बाजू वरची, नाव लिहिलेली. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते. खालून पाहिलं तर जवळजवळ सगळी जाडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, आणि माहितीचा थर अगदी वर, लेबलाखालच्या पातळ लॅकरला, म्हणजे संरक्षक लेपाला चिकटून. खालचा ओरखडा बऱ्याचदा निभावतो. वरचा ओरखडा थेट माहितीच खरवडून काढतो. त्यामुळे बॉलपेननं जोर देऊन नाव लिहिलेल्या सीड्या सगळ्यांत आधी घ्या. कागदी स्टिकर लावलेल्याही. स्टिकर उचकटायला मात्र जाऊ नका, त्याबरोबर चंदेरी थर सोलून येतो.

बल्बसमोर धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढा थर गेला. दोन-चार ठिपक्यांनी सहसा बिघडत नाही, कारण सीडीवर मूळ माहितीबरोबर ती दुरुस्त करायची जादा माहितीही लिहिलेली असते आणि वाटेतला सुमारे अडीच मिलिमीटरचा खंड प्लेअर आपोआप भरून काढतो. वाचन आतून बाहेर होतं, म्हणून कडेला खराब झालेली सीडी टाकून देऊ नका. तिचं शेवटचं गाणं जाईल, पहिली आठ येतील.

पुसणं

कोकणातल्या सीड्यांवर बुरशी असतेच. पांढरी, जाळीदार, कधी कधी पानाच्या शिरांसारखी. आधी फुंकर किंवा मऊ ब्रशनं धूळ उडवा. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून, धुवून मऊ झालेल्या सुती कापडानं पुसा. धोतराचा किंवा जुन्या मलमलीचा तुकडा सगळ्यांत बरा. पुसायचं ते मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. ताट पुसतो तसं गोल गोल नाही. माहितीची रेघ गोलाकार जाते, आणि त्याच दिशेनं ओरखडा पडला तर एका जागची सलग माहिती जाते. आडवा ओरखडा प्लेअर ओलांडून जातो.

साध्या पाण्यानं खळखळून, सावलीत उभी वाळवा. मार्करनं नाव घातलेल्या सीडीची वरची बाजू भिजवू नका. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि काच पुसायचा स्प्रे यांच्या नादी लागू नका. टूथपेस्ट घासायचा सल्ला सगळेच देतात. पेस्टनं खालच्या बाजूचा ओरखडा घासला जाऊन बुजतो, म्हणून कधी कधी गुण येतो हे खरं. पण बाकी सगळे उपाय थकल्यावरच, आणि आधी एखाद्या अँटिव्हायरसच्या सीडीवर हात बसवून.

ड्राइव्ह दोन हवेत

हल्लीच्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नसतो. यूएसबीला लावायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर हजार-दोन हजारांत मिळतो. मोबाइलला ओटीजी केबलनं जोडायला जाऊ नका, बहुतेक फोन त्याला पुरेशी वीज देत नाहीत. दुसरा ड्राइव्ह मात्र शोधा: नातेवाइकांच्या माळ्यावरचा जुना डेस्कटॉप, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडचा, कुणाचाही. एक ड्राइव्ह ज्या सीडीपुढे हात टेकतो ती दुसरा मुकाट्यानं वाचतो, हे मी एकदा नाही, सहा वेळा पाहिलं. उघडत नसलेल्या नऊपैकी सहा सीड्या चुलतभावाच्या २००८ च्या कॉम्प्युटरवर उघडल्या.

हातानं लिहिलेल्या: सगळ्यांत सावकाश

आमच्या पिशवीत एक सीडी होती, 'आजी गौरी २००४'. त्या वर्षी चुलतभावानं नवाकोरा माइक आणला होता आणि गौरीच्या रात्री आजीला कॉम्प्युटरसमोर बसवून गाणी म्हणायला लावली होती. टीव्हीवरच्या गाण्यांत नसलेली, तिच्या माहेरची, संगमेश्वराकडची. माझ्या लॅपटॉपवर सीडी घरघरायची, थांबायची, पुन्हा घरघरायची. भावाच्या कॉम्प्युटरवर उघडली, पण फाइल कॉपी होताना निम्म्यावर अडकली.

अशा वेळी साध्या कॉपी-पेस्टनं पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. विंडोज एका खराब जागेशी अडून बसतं आणि सगळी फाइल नाकारतं. डेटा सीडीसाठी, म्हणजे फाइल भरलेल्या सीडीसाठी, लिनक्सवर चालणारं डीडीरेस्क्यू हे फुकट हत्यार आहे. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अवघड जागांची नोंद ठेवतं आणि मग शेवटी त्या जागांकडे वळून पुन्हा पुन्हा वाचतं. मधेच बंद केलं तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. सगळ्यांत मोठी सोय ही की तीच नोंद वापरून उरलेला भाग दुसऱ्या ड्राइव्हवर वाचता येतो. दोन ड्राइव्हच्या अडचणीच्या जागा वेगवेगळ्या असतात, म्हणून दोघांचं मिळून बरंच भरतं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची भीती वाटत असेल तर घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोराला संध्याकाळी चहाला बोलवा. विंडोजवर आयसोबस्टर आहे, त्यातल्या काही सोयींना पैसे पडतात.

आजीची सीडी रात्री लावली आणि झोपले. सकाळी फाइल होती. बाविसाव्या मिनिटाला दोन ठिकाणी खर्र होतं, बाकी सगळं शाबूत. मागे मिक्सर सुरू आहे, आणि चौथ्या गाण्याच्या आधी भावाचा आवाज, "आजी, माइककडे तोंड कर." त्यावर आजी, "हा माइक आहे होय? मला वाटलं पाणी प्यायला ठेवलंयस." ही फाइल साफ करून द्यायला एक जण तयार होता. मी नाही म्हटलं. मिक्सरसकट हवी.

फोटोंच्या सीड्यांत आणखी एक फसवणूक असते. त्या काळी कोरी सीडी जपून वापरायचे. एकाच सीडीवर मार्चमध्ये वीस फोटो, मेमध्ये तीस. अशा वेगवेगळ्या वेळी भरलेल्या भागांना सेशन म्हणतात आणि कधी कधी कॉम्प्युटर फक्त शेवटचं दाखवतो. खालचा गडद पट्टा रुंद आहे, पण उघडल्यावर दहाच फोटो दिसतायत? मग आधीचं सेशन दडलेलं असण्याची शक्यता धरा. आयसोबस्टर सगळी सेशन दाखवतं.

व्हीसीडी

लग्नाची कॅसेट पुढे व्हीसीडीवर करून घेतलेली असते. उघडली की 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसतो, आत डॅट फाइल. तीच फिल्म. व्हीएलसी प्लेअरवर चालते, आणि त्यातल्याच कन्व्हर्ट सोयीनं एमपी फोर करून ठेवता येते. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे आजच्या टीव्हीवर नवरीचा चेहरा नवऱ्यासारखाच दिसतो. ते वाढवून स्पष्ट होत नाही, नादी लागू नका. एका सीडीवर जेमतेम ७४ मिनिटं मावायची, म्हणून लग्न दोन किंवा तीन सीड्यांत असतं. पहिली सापडली तर दुसरी नातेवाइकांत शोधा. आमच्या आत्याच्या लग्नातले मंगलाष्टक आमच्याकडे आणि जेवणाच्या पंगती काकांकडे निघाल्या.

विकतच्या ऑडिओ सीड्या, आणि ४४ बाइटचा सापळा

ऑडिओ सीडी विंडोजमध्ये उघडली की ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशा फाइल दिसतात, पुढे सीडीए लिहिलेलं. मी पहिल्या दिवशी बारा फाइल पेन ड्राइव्हवर ओढल्या. एका क्षणात कॉपी झाल्या, मी खूश. दुसऱ्या मशिनवर एकही वाजेना. ती प्रत्येक फाइल ४४ बाइटची असते. तिच्यात गाणं नसतं, गाणं सीडीवर कुठं आहे एवढा पत्ता असतो. असं 'कॉपी' करून सीड्या वाटून टाकलेली दोन माणसं मला माहीत आहेत.

गाणं काढण्याला रिप करणं म्हणतात. विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, दोन्ही फुकट. फ्री-एसी दोन्हींवर चालतं. त्यात सिक्युअर मोड निवडा. वेळ लागतो, पण शंका आली तर तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून मगच ते पुढे जातं. फाइलचा प्रकार फ्लॅक घ्या. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, आणि जसाच्या तसा उतरवला तर मिनिटाला साधारण १० एमबी होतात. फ्लॅक त्यातला कणभरही न गमावता जागा निम्म्याच्या आसपास आणतो. दोनशे सीड्या १२८ जीबीत निवांत बसतात. एमपी थ्री लहान असतं, पण त्यात जे गाळलं ते परत येत नाही. फ्लॅकवरून एमपी थ्री कधीही करता येतं.

शास्त्रीय सीडीत आणखी एक कारण आहे. विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथं ट्रॅक बदलतो, पण गाणारा थांबलेला नसतो. एमपी थ्रीत त्या जागी बऱ्याचदा बारीकसा झटका बसतो. तबल्याच्या समेवर तो बसला की जेवताना दाताखाली खडा यावा तसं होतं.

इंग्रजी सीड्यांची नावं इंटरनेटवरच्या यादीतून आपोआप भरली जातात. मराठीच्या बाबतीत बऱ्याचदा काही येत नाही, किंवा कुणीतरी कसंबसं टाइप केलेलं येतं. नावं हातानं भरा, एमपी थ्री टॅग नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठी सोयीचं. गायक आणि संगीतकार यांना रकाने आहेत, कवीला ठळक रकाना नाही. भावगीताच्या संग्रहात कवीच नसेल तर अर्धा संसार हरवला, म्हणून मी कवीचं नाव शेऱ्याच्या रकान्यात नेमानं घालते. आतली माहिती देवनागरीत ठेवा, फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत. गाडीतले जुने स्टिरिओ देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दाखवतात.

आणि डबीतला कागद स्कॅन करा, दोन्ही बाजूंनी, ३०० डीपीआयवर. तबला कुणाचा, बासरी कुणाची, संयोजन कुणाचं, निवेदन कुणाचं, हे त्या चार घड्यांच्या कागदावर असतं. स्ट्रीमिंगवर मुखपृष्ठ येतं, हा कागद येत नाही. किमतीचं लेबलही खरडून काढू नका. बाबांच्या तीन सीड्यांवर मुंबईतल्या काळा घोड्याच्या रिदम हाऊसचं लेबल आहे. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. बाबा ऑफिसच्या कामाला मुंबईला गेले की परतीच्या गाडीआधी तिथं डोकावायचे, हे आईला त्या लेबलावरूनच आठवलं. त्यावर ती म्हणाली, "ऑफिसच्या कामाला एवढा उशीर कसा व्हायचा ते आज कळलं."

कायद्याचं एका ओळीत: आपल्या मालकीच्या सीडीची स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रत ठेवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे, ती प्रत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला नाही.

आठवण लिहायची ती त्याच वेळी

रिप व्हायला एका सीडीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तो वेळ मोबाइल बघण्यात घालवू नका. ज्यांच्या सीड्या आहेत त्यांना शेजारी बसवा, सीडी हातात द्या आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करा. 'तुमच्या आठवणी सांगा' असं म्हटलं की माणसं भाषण करतात. 'ही कुठून आणली', 'कुणी दिली', 'ही का फुटली' असं विचारलं की बोलतात. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा आणि दोन ओळी लिहा. धाकट्या भावानं २००५ मध्ये राईट केलेल्या सीडीवर 'चांगली गाणी ३ – कुणालाही देऊ नये' असं लिहिलंय. आत एकोणीस गाणी आहेत, त्यातली अकरा विरहाची. तो तेव्हा बारावीत होता. ही माहिती मी फाइलमध्ये लिहिली आणि त्याच्या बायकोला दाखवली.

मग ठेवायचं कुठं

एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी. पेन ड्राइव्हवर एकुलती एक प्रत ठेवणं म्हणजे दागिने खिशात घेऊन फिरणं. आमची तिसरी प्रत नाशिकला बहिणीकडे आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत दोघी आपापली डिस्क लावून दहा-बारा फाइल वाजवून बघायच्या असा ठराव आहे.

मूळ सीड्यांपैकी हातानं लिहिलेल्या आणि विकतच्या ठेवल्या. प्लास्टिकच्या पाऊचमधून काढून डबीत घातल्या, कारण पाऊच दमट हवेत सीडीला चिकटतात. डब्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या, उन्हापासून लांब, भिंतीपासून चार बोटं सुटं कपाट, प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. नव्या पुड्या आणायची गरज नाही, बुटांच्या खोक्यांतून येतात त्या जमवा आणि पावसाळ्यानंतर बदला.

ज्या तीन सीड्या कुठंच उघडल्या नाहीत त्याही टाकल्या नाहीत. कागदावर तारीख आणि कोणकोणत्या ड्राइव्हवर करून पाहिलं ते लिहून त्यांच्या डबीत घातलंय.

चौथा ढीग उरला. भंगारवाल्यानं घेतला नाही. जाळायच्या मात्र अजिबात नाहीत. आईनं त्यातल्या बारा सीड्या सुतळीत ओवून गॅलरीत टांगल्या, कबुतरं यायची थांबतात म्हणून. दोन दिवस खरंच कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या सुतळीवरच दोन बसली होती.